प्रति: अकरावीतल्या मुलीला कॉलेजं कशी दाखवायची?

ताई, मुलीला जेईई आणि नीट यापलीकडे काही ठाऊकच नाही म्हणता, त्यात तिचा काय दोष? क्लासच्या फ्लेक्सवर दुसरं काही असतंच कुठे! वर कुणीतरी शैक्षणिक मेळाव्याला न्या म्हटलंय. न्या, पण तिथे पिशवीभर माहितीपत्रकांपलीकडे फार काही हाती लागत नाही जी.

त्यापेक्षा नागपूरच फिरवा. महाराजबागेतलं प्राणिसंग्रहालय तिने लहानपणी पाहिलंच असेल. ते चालवणारं कृषी महाविद्यालय 1906 चं आहे, हे किती जणांना माहीत असतं? तिथला प्रवेश राज्याच्या प्रवेश परीक्षेतून, म्हणजे एमएचटी-सीईटीतून. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे नीटचेच गुण लागतात, त्यामुळे वेगळा अभ्यास नाही. अमरावती रोडला 1942 पासूनचं, रासायनिक तंत्रज्ञान शिकवणारं एलआयटी. गेटवर कुणी विद्यार्थी भेटला तर तिलाच बोलू द्या, तुम्ही जरा चहा घ्या.

व्हीएनआयटीचं, म्हणजे नागपूरच्या एनआयटीचं स्वप्न असेल तर जोसाच्या (आयआयटी-एनआयटीच्या सामायिक प्रवेशाच्या) साइटवर मागच्या वर्षांचे क्लोजिंग रँक, म्हणजे प्रवेश मिळालेले शेवटचे क्रमांक, तिला स्वतः वहीत उतरवायला लावा. तिथल्या निम्म्या जागा राज्यातल्या मुलांसाठी असतात, तेव्हा ‘होम स्टेट’चा रकाना पाहायचा. टॉपरचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवण्यापेक्षा ही सवय मला जास्त कामाची वाटते. झोप मात्र कापू देऊ नका.

आणि आरक्षणातून प्रवेश घ्यायचा असेल तर जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाका. बारावीच्या निकालानंतर त्या कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते बाप्पा.