मोठी मुलं, तीही परदेशातली: ‘भाजलेली मडकी’ म्हणणाऱ्याला उत्तर

कुळागर:
काल इथं मांडवीकाठ यांनी लिहिलं, ‘परदेशातल्या अनाथाश्रमांतून नऊ-दहा वर्षांची मुलं आणायचं खूळ आलंय. भाजलेल्या मडक्याला नवा आकार येत नाही. आणि आपल्याकडे काय मुलांचा दुष्काळ पडलाय?’ रात्रभर तेच डोक्यात घोळलं, म्हणून लिहितेय. लांबेल.

माझा भाऊ-वहिनी टोरोंटोला असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी कोलंबियातून बहीण-भाऊ आणले. ती अकराची, तो आठाचा. फोटो आवडला म्हणून उचलून आणली नाहीत. घरची तपासणी, पोलिसांचे दाखले, मग तिथं जाऊन काही आठवडे मुक्काम. मुलीला विचारलंही होतं, यांच्याकडे जाशील का. आपल्यापैकी कितीजणींना लग्नाआधी एवढं विचारलं होतं?

गेल्या चवथीला, म्हणजे गणपतीत, ती सगळी आमच्या फोंड्याच्या घरी आली. पोरगी तासभर गणपतीवर टांगलेल्या रानफळांच्या माटोळीखाली उभी, घागऱ्या-कांगलां मोजत. तिसऱ्या दिवशी तिच्या उशीखाली अकरा नेवऱ्या (आपल्या करंज्या) सापडल्या. मुंग्यांची रांग लागली होती म्हणून कळलं. माझी आई काही बोलली नाही. एक डबा दिला, ‘हा तुझा, संपला की सांग.’ दहाव्या दिवशी पोरगी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, ‘आजये, आनीक एक दी.’

मांडवीकाठ:
नेवऱ्यांची गोष्ट गोड, पण गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. 1989 नंतर रोमानियातल्या अनाथालयांतली मुलं इंग्लंडात दत्तक गेली, त्यांचा अभ्यास वर्षानुवर्षं चालला. सहा महिन्यांची व्हायच्या आत गेलेली सावरली, उशिरा गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा त्रास मोठेपणीही सुटला नाही. 2010 मध्ये अमेरिकेतल्या बाईने सात वर्षांच्या रशियन मुलाला चिठ्ठी देऊन एकट्याला विमानाने मॉस्कोला परत धाडलं. इथिओपियाने 2018 मध्ये आणि चीनने 2024 मध्ये दारं बंद केली, ती उगाच? आणि इथल्या मुलांचं काय, याचं उत्तर मिळालंच नाही.

पेडण्याची:
मी देते. आम्ही सात वर्षांची मुलगी घेतली, भारतातलीच. आठ महिने ती मला ‘बाई’ म्हणायची. शेजारणी तिच्यादेखत विचारायच्या, ‘हिला आधीचं आठवतं गो?’ दुष्काळ मुलांचा नाहीच. रांग लागते ती दोन वर्षांच्या आतल्या, निरोगी, जमल्यास गोऱ्या बाळासाठी. दत्तकाच्या नियमात आठ वर्षांवरच्या मुलासाठी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज 110 पर्यंत चालते, म्हणजे पन्नाशीतल्यांनाही दार उघडं आहे. येतंय कोण? आपली मोठी मुलं शेवटी इटली-अमेरिकेतले लोक नेतात. आणि रोमानियाचं म्हणाल तर तिथं तान्ही बाळं पाळण्यात तशीच पडून असायची. तो दोष वयाचा की त्या जागेचा?

भाटकार:
भावनेत वाहू नका. गोव्यात अर्धी मालमत्ता मुलांसाठी राखीव असते. उद्या त्या दोघांनी फोंड्याच्या भाटात (बागायतीत) वाटा मागितला तर?

कुळागर:
मागू देत की. आमच्या पणजोबांची इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वाटणी, अजून संपायची आहे. तोवर त्यांची नातवंडं येतील.

निवृत्त मास्तर, डिचोली:
मूळ मुद्दा सगळ्यांच्या नजरेतून सुटला. परक्या देशातली मुलगी दहा दिवसांत आजीशी तिच्या भाषेत बोलते आणि पणजीतली आपली नातवंडं ‘ग्रँडमा, वॉटर’ म्हणतात! 2011 मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं, तेव्हा आम्ही रस्त्यावर उतरलो होतो.

शेणवी:
मास्तर, ती कोकणीत बोलली, मराठीत नव्हे. श्रेय कुणाचं?

निवृत्त मास्तर, डिचोली:
1987 च्या राजभाषा कायद्यात मराठीला जागा आहे, ती वाचा. चाळीस वर्षं शिकवलंय, श्रेय मला शिकवू नका!

शेणवी:
‘जागा’ म्हणजे पडवीतली. आणि तुमची नातवंडं कुठल्या शाळेत जातात, ते लिहा ना.

निवृत्त मास्तर, डिचोली:
तो सुनेचा निर्णय होता.

भाटकार:
हा हा. सगळ्यांच्याच सुना.

मांडवीकाठ:
भाषेवरून भांडताच आहात तर एक विचारतो. त्या मुलीची स्वतःची भाषा कुठली? ती स्पॅनिश ना? नवं नाव, नवा देश, वर कोकणी शिकली म्हणून आपल्या टाळ्या. तिचं काय गेलं, हे कोणी मोजलं का?

कुळागर:
नाव बदललेलं नाही. दोघं भावंडं स्पॅनिशमध्येच भांडतात आणि माझा भाऊ ते कळावं म्हणून क्लासला जातो. पण प्रश्न बरोबर आहे, हे कबूल करायला जिवावर येतंय. तेही सांगूनच टाकते. धाकट्याने पहिल्या वर्षी दोन दारं फोडली, शाळेत एकाला चावला. वहिनी रात्री फोनवर रडत म्हणाली होती, आपण चुकलो का. मी वर फक्त नेवऱ्या लिहिल्या, दारं नाही लिहिली.

पेडण्याची:
दारं आमच्याकडेही होती. आमची तर पोटच्या मुलानेही आपटली, त्याला कोणी मडकं म्हटलं नाही.

मांडवीकाठ:
ठीक. ‘मडकं’ हा शब्द मागे घेतो. बाकी एक अक्षरही नाही.

कुळागर:
उपकार झाले.

निवृत्त मास्तर, डिचोली:
त्या डब्याचं पुढं काय झालं?

कुळागर:
टोरोंटोला नेला. त्यात बिस्किटं असतात, धाकट्याला एकही देत नाही.