हनफी मशिदीत शाफई माणसाने हात कुठे बांधायचे? आणि सफ (नमाजीची रांग) अंगठ्याने जुळवायची की टाचेने?

खाडीकाठ:
अस्सलामु अलैकुम. मी खेड तालुक्यातला, आमच्या गावात सगळे शाफई (हनफीसारखाच सुन्नी मुसलमानांचा एक मजहब, म्हणजे नमाज वगैरेच्या नियमांची परंपरा). त्यामुळे हात छातीच्या खाली नि बेंबीच्या वर बांधायचे, रुकूत (कमरेतून वाकून) जाताना आणि उठताना परत हात उचलायचे, फातिहा (कुराणाची पहिली सूरा) संपली की मोठ्याने आमीन, हेच लहानपणापासून बघत आलो. आता नोकरीसाठी पुण्यात आहे, जवळची मशीद हनफी. पहिल्याच जुम्म्याला मी आमीन म्हटलं तर अख्ख्या सफेत माझ्या एकट्याचाच आवाज. परवा इशानंतर (रात्रीच्या नमाजीनंतर) बाजूच्या चाचांनी सांगितलं, बेटा हात बेंबीखाली बांध, सारखे उचलू नकोस. प्रेमानेच बोलले, पण तेव्हापासून माझं नमाजीत लक्षच लागत नाही, सगळं ध्यान हातांकडे.
दुसरं म्हणजे सफ. मी बाजूच्याच्या पायाला पाय लावायला जातो, तो आत घेतो, मी अजून पसरतो, तो अजून आत घेतो. आणि कारपेटच्या पट्टीवर अंगठे ठेवायचे की टाचा? दोन्ही प्रकारचे लोक दिसतात.

महाडकर:
वालैकुम अस्सलाम भाऊ. हातांचं टेन्शन पहिलं काढून टाका. हात कुठे बांधायचे, किती वेळा उचलायचे, आमीन मोठ्याने की मनात, हे सगळं सुन्नतीतलं (पैगंबरांच्या रीतीतलं) आहे, फर्ज (सक्तीचं) नाही, त्याने नमाज तुटत नाही. तुम्ही शाफई पद्धतीने पढा, चाचा हनफी पद्धतीने पढतील, इमाम एकच. चाचांना एकदा सांगून टाका की चाचा आम्ही कोकणातले, शाफई आहोत. बहुतेकांना माहीतच नसतं की कोकणात वेगळा मजहब चालतो.
एक मात्र सांभाळा. शेवटच्या अत्तहियातला (नमाजीच्या शेवटी बसून पढतात ती दुआ) आपण डावा पाय उजव्या पायाखालून बाहेर काढून बूड जमिनीला टेकवून बसतो, हनफी लोक डाव्या पायावरच बसतात. दाटीत आपल्या बसण्याने बाजूच्याला त्रास होत असेल तर त्या दिवशी डाव्या पायावर बसा, काही बिघडत नाही.
आणि खरं तपासायचं असेल तर सजदा (जमिनीवर कपाळ टेकवणं) तपासा. इब्ने अब्बास यांची हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे, सात हाडांवर सजदा: कपाळ (नाकाकडेही इशारा केला होता), दोन तळहात, दोन गुडघे, दोन्ही पायांची बोटं. आता सजद्यात किती जणांची पायाची बोटं हवेत असतात बघा, मीसुद्धा कित्येक वर्षं तसंच करत होतो, एका मौलानांनी दाखवलं तेव्हा कळलं. कोपरंही जमिनीवर पसरायची नाहीत, वर उचललेली हवीत.

सोलापुरी:
मी हनफी आहे, वरच्या भावांचं बरोबर आहे. सफेबद्दल सांगतो कारण आमच्याकडे यावर दर रमजानमध्ये वाद होतो.
टाचा जुळवायच्या, अंगठे नाही. कुणाचा पाय सहा नंबरचा, कुणाचा दहा, अंगठे एका रेषेत आले की खांदे पुढेमागे होणारच. टाच आणि घोटा सरळ तर शरीर सरळ. पट्टीवर टाच ठेवा.
पायाला पाय लावण्याचं म्हणाल तर सहाबा (पैगंबरांचे सोबती) खांद्याला खांदा आणि पायाला पाय लावायचे असं हजरत अनस यांच्याकडून बुखारीत आलंय. काही जण ते शब्दशः घेतात, आमचे उलेमा म्हणतात मतलब असा की मध्ये फट राहू नये आणि सफ सरळ असावी. आमच्यात दोन पायांत चार बोटांचं अंतर सांगतात, शाफईंमध्ये एक वीत. पण भाऊ, तुम्ही पाय जितके फाकवाल तितके खांदे लांब जातात हे करून बघा! खाली पाय चिकटलेले आणि वर दोघांच्या मध्ये अजून एक माणूस उभा राहील एवढी जागा, ही काय सफ झाली? आधी खांदा जुळवा, पाय आपोआप जवळ येतात.
नवीन सफ इमामाच्या बरोबर मागून सुरू करायची आणि दोन्हीकडे वाढवायची, पंख्याखालून नाही. पुढची भरल्याशिवाय मागची करू नका.

उंबरठा:
मध्येच विचारते, माझे पप्पा गुडघ्यांमुळे खुर्चीवर नमाज पढतात. खुर्ची पुढे सरकली की ते सफेच्या पुढे येतात, मागे घेतली की मागचे चिडतात, घरी येऊन नाराज होऊन बसतात. काय करायचं?

सोलापुरी:
ताई, ते पूर्ण नमाज बसूनच पढत असतील तर खुर्चीचे मागचे पाय बाकीच्यांच्या टाचांच्या रेषेत ठेवायचे, म्हणजे खांदा सफेत येतो. उभं राहता येत असेल आणि फक्त सजद्याला बसत असतील तर उभं असताना शरीर सफेत हवं, मग खुर्ची मागे जाणार, म्हणून सफेच्या टोकाची जागा घ्यायला सांगा, तिथे मागच्याची अडचण होत नाही. आणि मशिदीतल्या तरुणांनीच ती जागा त्यांच्यासाठी सोडायला हवी, चिडायचं कसलं.

खाडीकाठ:
जजाकल्लाह सगळ्यांना. आज मगरिबला (सूर्यास्तानंतरच्या नमाजीला) टाच पट्टीवर ठेवली, खांदा लावला, शेजारचा अजिबात सरकला नाही. चाचांशीही बोललो, ते म्हणाले मला वाटलं तुला कुणी शिकवलंच नाही. एक राहिलंच, फजरला (पहाटेच्या नमाजीला) आपण दुसऱ्या रकातीत (नमाजीच्या फेरीत) रुकूनंतर कुनूत (उभ्याने करायची दुआ) पढतो, इथे इमाम सरळ सजद्यात जातात. मी काय करू?

महाडकर:
इमामाला धरून राहा. छोटी दुआ करून सजद्यात त्यांना गाठता येत असेल तर करा, नसेल तर सोडा. सविस्तर मसला गावच्या मौलानांना फोन करून विचारा. उलट हनफी भाऊ आमच्या मशिदीत फजरला येतात ते कुनूतच्या वेळी हात सोडून गप्प उभे राहतात, आम्ही कुणी त्यांना काही बोलत नाही.