जर्नलला पाठवलेला पेपर मागे कसा घ्यायचा? सल्ला हवा

कुसळी_गवत
नमस्कार मंडळी. पीएचडी चालू आहे, विषय सड्यांवरची (कातळ पठारांवरची) गवतं. पावसाळ्याच्या तोंडावर युरोपातल्या एका जर्नलला पेपर पाठवला होता. दिवाळी होऊन गेली, तरी स्कॉलरवनमध्ये (जर्नलला पेपर पाठवायच्या पोर्टलवर) 'अवेटिंग रिव्ह्यूअर सिलेक्शन' एवढंच दिसतंय. गाईड मॅडम म्हणतात, काढून घे आणि दुसरीकडे टाक. तिसरे लेखक म्हणतात, काढायला कशाला हवा, तसाच टाक, कोण बघतंय! मला तर विथड्रॉचं बटणच सापडत नाहीये. आणि मागे घेतला म्हणून ते जर्नल पुढे कायमचं डूख धरेल का?

आंबोलीकर
बटण शोधत बसू नका. बऱ्याच जर्नलांनी ते लेखकांना दिलेलंच नसतं. एडिटोरियल ऑफिसला मेल टाकायची.

प्राजक्ता_ब
मी एका जर्नलसाठी असोसिएट एडिटरचं काम बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या स्टेटसचा अर्थ एवढाच की पेपर वाचायला अजून पुरेसे रिव्ह्यूअर मिळालेले नाहीत. गवतांच्या वर्गीकरणात मुळात माणसं किती? विचारलं की निम्मे उत्तर देत नाहीत, उरलेले 'सध्या वेळ नाही' म्हणतात. तेव्हा मागे घ्यायच्या आधी एक साधी मेल करून बघा: पेपरची स्थिती काय आहे, आणि हवे असल्यास ही तीन-चार नावं सुचवते. नावं तुमच्या गाईडच्या मित्रमंडळींतली नकोत, ते लगेच कळतं. दोन आठवडे वाट पाहा. एवढ्यानेही गाडी हलते, मी पाहिलंय.

नाहीच हलली तर खुशाल मागे घ्या. या टप्प्यावर कोणी डूख धरत नाही, उलट एडिटरच्या डोक्यावरचं एक काम कमी होतं. राग कधी येतो सांगू? दोन रिव्ह्यूअरनी रात्री जागून फुकटात शेरे लिहिले, लेखकाने ते घेऊन पेपर सुधारला आणि 'आम्ही मागे घेतो' म्हणून वरच्या जर्नलला पाठवला, तेव्हा. ते मात्र लक्षात राहतं.

मेलमध्ये मॅन्युस्क्रिप्ट नंबर, शीर्षक, एका ओळीत कारण (निर्णयाला लागलेला वेळ, हे पुरेसं आहे) आणि सर्व लेखकांची संमती असल्याचं वाक्य. सगळ्यांना सीसीत ठेवा. शेवटी 'मागे घेतल्याची लेखी पोच पाठवावी' असं स्पष्ट लिहा. ती पोच हातात येईपर्यंत दुसऱ्या जर्नलचं पोर्टल उघडायचं नाही.

आणि तिसऱ्या लेखकांना सांगा, बघतात! तुमच्या विषयातले रिव्ह्यूअर मोजकेच, दोन्ही जर्नलं फिरून त्याच माणसाकडे जाणार. एकाच वेळी दोन ठिकाणी पेपर पाठवणं हा गैरप्रकारच धरतात. दोन्हीकडून नकार येतो, कधी संस्थेला पत्रही जातं.

बुलढाणेकर
धाग्यात जरा घुसतो. माझ्या मेहुण्याचं वेगळंच झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून एका 'इंटरनॅशनल' जर्नलला पेपर दिला. आठवड्याच्या आत स्वीकारला, मग पैसे मागितले. गाईडने जर्नल बोगस आहे म्हणून सांगितलं, तर यांनी मागे घेतो म्हणून कळवलं. आता ते म्हणतात 'विथड्रॉअल फी' भरा, नाहीतर छापून टाकू आणि विद्यापीठाला कळवू. पोरगं घाबरलंय. भरून मोकळं व्हावं का?

आंबोलीकर
एक रुपया भरू नका! धंदाच आहे तो. हैदराबादच्या ओमिक्स या जर्नलं काढणाऱ्या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६मध्ये खटला भरला, त्यातल्या तक्रारींत हीच एक होती: पेपर मागे घेऊ देत नाहीत, त्यामुळे तो दुसरीकडेही देता येत नाही. २०१९मध्ये कोर्टाने ५ कोटी डॉलरच्या वर रक्कम भरायचा आदेश दिला.

मेहुण्याला विचारा, कॉपीराइटच्या कागदावर सही केलीय का? नसेल तर त्यांच्या हातात काही नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की हक्क सोपवायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच हवं. एक शेवटची मेल करा: पेपर मागे घेतला आहे, छापायला परवानगी नाही, हक्क आमच्याकडेच आहेत. मेलचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि गाईडना आपणहून दाखवा, म्हणजे 'विद्यापीठाला कळवू'मधली हवाच जाते. फोन आले तर उचलू नका. तरीही छापलाच, तर पुढच्या जर्नलच्या एडिटरला आधीच सगळं सांगून टाकायचं, पुरावे तयार आहेतच.

प्राजक्ता_ब
+१. सही केली असेल तर मात्र तो कागद एखाद्या वकिलाला दाखवा. आणि ही घाई मुळात कशासाठी? प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलेला असलाच पाहिजे, ही अट यूजीसीने २०२२च्या नियमांत काढून टाकलीय. विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे तेवढा विचारून घ्या. फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीची केअर यादीही (मान्य जर्नलांची यादी) बंद झाली, त्यामुळे 'यादीत आहे ना, मग चालतंय' हा आधारही आता गेला. पाठवायच्या आधी एडिटोरियल बोर्डावरच्या दोघातिघांना सरळ मेल करून विचारायचं, तुम्ही खरंच तिथे आहात का. बोगस जर्नलांत कित्येकांना आपलं नाव तिथे असल्याचा पत्ताही नसतो.

बुलढाणेकर
सही नाही केली म्हणतो. धन्यवाद, आज रात्रीच मेल करायला लावतो.

कुसळी_गवत
खूप आभार ताई. मॅडमना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, आधी चौकशीची मेल करायला त्या तयार आहेत. एक राहिलंच: हाच पेपर बायोआर्काइव्ह या साइटवर प्रीप्रिंट म्हणून (जर्नलमध्ये छापून येण्याआधीच सगळ्यांना वाचायला) टाकलेला आहे. मागे घेतला तर तोही काढावा लागेल का?

प्राजक्ता_ब
नाही, तो तिथेच राहू दे. काढताही येत नाही, फार तर 'विथड्रॉन' असा शिक्का बसतो, डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) तसाच राहतो. आणि तसा शिक्का मारून घेतला तर लोकांना वाटेल निष्कर्षच चुकले. नव्या जर्नलला प्रीप्रिंट चालतो का, हे तेवढं त्यांच्या सूचनांत बघून घ्या आणि कव्हर लेटरमध्ये त्याचा डीओआय द्या.