मिरामारला गॅस पेटवला तर दंड होतो का?

खानापूरची_वहिनी:
आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी फुटली. दिवाळी झाली की क्रुझर गाडी करून जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटानं पणजीला जायचं ठरलंय. गॅसची बारकी शेगडी, पातेली, मसाला लावलेलं चिकन, सगळं घरचंच. तिथं मिरामारच्या किनाऱ्यावर झाडाखाली बसायचं, गरम रस्सा आणि भात! हॉटेलात एवढ्या बायकांचं बिल कोण भरणार की? आता जाऊबाई म्हणतात, गोव्यात किनाऱ्यावर चूल मांडली तर पोलीस धरतात. खरं आहे की उगाच भीती घालतात? आणि येताना आमच्या ह्यांनी दोन बाटल्या आणायला सांगितल्यात, ते चालतं ना?

गोवावेस_गाडीवाला:
वहिनी, जाऊबाईंचं खरं आहे. गोव्याचा पर्यटन स्थळांचा कायदा २००१ चा. किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक आणि दारू यांवर २०१९ मध्ये दंड बसवला, एकट्याला २ हजार, घोळक्याला १० हजार. २०२५ मध्ये विधानसभेनं तो आणखी वाढवला, आता ५ हजारांपासून १ लाखापर्यंत. कचरा टाकणं, काचेची बाटली फोडणं, वाळूत गाडी घालणं, सगळं त्यातच आलं. मागं एका पार्टीनं मला म्हटलं, 'मामा, गाडी जरा खाली वाळूत घ्या, सामान उतरवतो.' मी सरळ नाही म्हटलं. चाकं रुतणार माझी, दंडही माझ्याच गाडीवर.

बाटल्यांचं तर नावच काढू नका. परमिटशिवाय गोव्याची दारू कर्नाटकात आणली तर अबकारीचा गुन्हा होतो, गाडीसुद्धा जप्त होऊ शकते. कणकुंबीच्या नाक्यावर सीटखाली, स्टेपनीत, पिशवीत हात घालून बघतात. बायकांची गाडी म्हणून सोडतील असं कुणी सांगितलं असेल तर त्यालाच सोबत न्या.

टिळकवाडीचे_काका:
दंड केला तर बरंच झालं. रविवारी किनाऱ्यावर जाऊन बघा, केए २२ च्या, म्हणजे आपल्या बेळगावच्या गाड्यांमागं थर्माकोलच्या ताटल्या आणि हाडं पडलेली असतात. आपल्या अंगणात चालेल का कुणी असं केलेलं? आणि मावा खाणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, सार्वजनिक जागी थुंकणं आणि विडी-सिगारेट यांवर गोव्यात १९९७ चा वेगळा कायदा आहे.

पणजीत_दिलेली_लेक:
काका, सगळे तसे नसतात हो. वहिनी, खायला बंदी नाही, शिजवायला आहे. डबे उघडून बसा, कोणी काही म्हणणार नाही, फक्त खरकटं आणि पिशव्या परत गाडीत घाला. पाण्यात उतरताना लाल बावटा दिसला तर पाय भिजवण्यावर भागवा. जीवरक्षक दिवसा असतात, अंधार पडल्यावर नाही. लाटेनं साडी ओढली की माणूस उभं राहत नाही, मी डोळ्यांनी बघितलंय. मुलं असतील तर हात सोडूच नका.

खानापूरची_वहिनी:
मग चोर्ल्यातच झाडाखाली शेगडी मांडली तर? तिथं कुठं समुद्र आहे!

गोवावेस_गाडीवाला:
नको हो! कणकुंबीच्या बाजूला भीमगड अभयारण्य, घाट उतरताना म्हादई अभयारण्य. जंगलात जाळ केला तर वन खातं धरेल, ते पोलिसांपेक्षा कडक. सकाळी घरी करून घ्या. भाकऱ्या, शेंगाची चटणी, सुकं चिकन, दहीबुत्ती. ११० किलोमीटरात काही आंबत नाही.

खानापूरची_वहिनी:
बरं, सुकंच करू मग. भाकऱ्या जाऊबाई थापतील, त्यांनीच घाबरवलंय. बाटल्यांचं मात्र ह्यांना मी सांगणार नाही. मामा, नंबर पाठवते, तुम्हीच फोन करा.