एकांकिकेत बुरशीची साथ दाखवायची आहे, आरोग्य खातं नेमकं काय करेल?

निखिल, सोलापूर
नमस्कार. ग्रुपसाठी एकांकिका लिहितोय. तालुक्यात बुरशीची साथ येते, लोकांचे डोळे जातात. गाव सील होतं, पीपीई किटवाले घराघरातून रुग्ण उचलतात, असं लिहिलंय. खरंच असं होईल का? प्रत्यक्ष काम केलेलं कोणी आहे का इथे?

मंगल सिस्टर
निखिल, 2021 च्या उन्हाळ्यात मी म्युकरच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, वॉर्डात होते. गाव सील करायचा प्रवेश काढून टाक. म्युकर माणसाकडून माणसाला होत नाही. ती बुरशी मातीत, कुजलेल्या पाल्यात असतेच, तुझ्या-माझ्या श्वासातूनही जाते. शुगर हाताबाहेर गेलेली, वर कोविडसाठी स्टेरॉइड, अशा माणसाला ती गाठते. नाकातून सायनस, मग डोळा, मग मेंदू.

आमची खरी लढाई औषधाची होती. लायपोसोमल अँफोटेरिसिन हे बुरशी मारणारं इंजेक्शन, त्याची कुपी 50 मिलिग्रॅमची, डोस किलोमागे 5 मिलिग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या माणसाला रोज 6 कुप्या, त्याही काही आठवडे. कुप्या जिल्ह्याला कोट्याने यायच्या आणि नातेवाईक चिठ्ठी घेऊन मेडिकल पालथी घालायचे. ती पिवळी पावडर स्टराइल वॉटर घालून जोरात हलवायची, फिल्टरमधून डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे साखरेच्या, बाटलीत सोडायची. मिठाच्या सलाइनमध्ये चुकूनही नाही, औषध फुटतं. किडनीवर येतं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन, पोटॅशियम सारखं बघायचं. ऑपरेशनशिवाय मात्र नुसत्या औषधाने भागत नाही, काळा पडलेला भाग काढावाच लागतो.

तुला प्रवेश हवा तर संमतीपत्राचा घे. डोळा काढला तर जीव वाचायची आशा आहे, असं डॉक्टर सांगतात आणि सही कोण करणार म्हणून दोन भाऊ एकमेकांकडे बघत राहतात. हे मी पाहिलंय रे.

लॅबवाला, मिरज
पसरणारीच बुरशी हवी असेल तर कँडिडा ऑरिस घ्या. 2009 मध्ये जपानमध्ये एका बाईंच्या कानातून मिळालेली म्हणून तिची पहिली नोंद झाली. आयसीयूत कॉटच्या कठड्यावर, उपकरणांवर टिकून राहते. फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला बहुतेकदा दाद देत नाही. तिथे सील होईल तो वॉर्ड, गाव नाही.

निखिल, सोलापूर
ताई, म्युकरच ठेवतो. मग आरोग्य खातं गावात काय करताना दाखवू?

मंगल सिस्टर
आशाताईला दाखव. हातात कोविडमधून घरी आलेल्यांची यादी, ग्लुकोमीटर आणि टॉर्च. तिने विचारायचं: एका बाजूचा गाल दुखतो का, बधिर वाटतो का, नाकातून काळपट येतं का, दात हलतायत का, एकाचे दोन दिसतात का? मग 'आ' करायला लावून टाळूवर टॉर्च मारायची. काळा डाग दिसला की त्याच दिवशी गाडी करून जिल्ह्याला. तिथे दुर्बिणीने नाक बघतात, नमुना केओएचला (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधायच्या तपासणीला) पाठवतात, एमआरआय करतात. मे 2021 मध्ये केंद्राने राज्यांना प्रत्येक केस कळवणं सक्तीचं करायला सांगितलं होतं, तो फॉर्म भरतानाही दाखव. आणि महात्मा फुले योजनेत उपचार मोफत होते, हे आशाताईच्या तोंडी नक्की घाल. खर्चाच्या भीतीने लोक घरी थांबतात आणि तोवर बुरशी डोळ्यात गेलेली असते.