ब्रश कटर: टू-स्ट्रोक दगा देतंय की आपणच त्याला?

खानापूरकर
मिरगाचा पाऊस पडला की बेळगावच्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात गवत कापायच्या ब्रश कटरबद्दल एकच सल्ला फिरतो: "टू-स्ट्रोक कटर घेऊ नका, पिस्टन जॅम होतंय. फोर-स्ट्रोक घ्या, मोटरसायकलगत चालतंय." माझं म्हणणं उलटं आहे. हातात धरायच्या मशीनला टू-स्ट्रोकच, म्हणजे पेट्रोलातच ऑइल मिसळून चालणारं इंजिन, बरं. व्हॉल्व्ह नाही, टॅपेट नाही, ऑइल वेगळं भरायचं नाही. काजूच्या बागेत उतारावर मशीन कसंही तिरकं करा, ऑइल पेट्रोलाबरोबरच आत जातंय.

जॅम होतं ते मापामुळं. मशीनवर ५०:१ (पेट्रोल ५० भाग, ऑइल एक) लिहिलं असेल तर लिटरला २० मिली ऑइल, २५:१ असेल तर ४० मिली. आणि आपल्याकडं माप कसलं? बाटलीचं झाकण! एकाचं झाकण ८ मिलीचं, दुसऱ्याचं १५ चं. जनावरांच्या औषधांच्या दुकानात २० मिलीची सिरिंज मिळते. ती दोऱ्यानं कॅनलाच बांधून ठेवा. ऑइल टू-स्ट्रोकचंच हवं, डब्यावर जासो एफडी (जपानी दर्जाची खूण) लिहिलेलं. ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल घातलं की प्लग काळा होतो, सायलेन्सरच्या तोंडची जाळी काजळीनं बुजते आणि मग ओरड सुरू, "मशीनला पिकअप नाही."

उद्यमबाग लेथ
गणित बरोबर हाय तुमचं, पण मशीन चालवतंय कोण? मालक सिरिंज बांधतोय आणि रोजगारावर आलेला गडी दुपारी टाकी संपली की मोटरसायकलमधलं साधं पेट्रोल काढून ओततोय. साध्या पेट्रोलवर टू-स्ट्रोक काही मिनिटांतच आवाज बदलतंय, मग स्टार्टरची दोरी दगडागत घट्ट. एका चुकीत सिलिंडर-पिस्टन जाणाऱ्या इंजिनाला भरवशाचं कसं म्हणायचं? ज्याच्या हातात मशीन देणार, त्याच्या हातात ते टिकतंय का, एवढंच बघायचं.

फोर-स्ट्रोकमध्ये हा घोटाळाच नाही. होंडाचं जीएक्स ३५ घ्या: ३५.८ सीसी, ऑइल १०० मिली, ग्रेड १०डब्ल्यू-३०. पहिलं ऑइल १० तासांनी बदला, मग दर ५० तासांनी. पेट्रोल पंपावरचं सरळ ओता. आणि उताराची भीती घालू नकासा, ते इंजिन आडवं-तिरकं चालायलाच बनवलेलं हाय.

खानापूरकर
अण्णा, जो गडी २० मिली मोजत नाही, तो ५० तास मोजणार? १०० मिली म्हणजे एक कप चहा. त्यातलं ३०-४० मिली कमी झालं तरी बाहेरून काही कळत नाही. बघायचं असेल तर मशीन सपाट जागेवर ठेवून झाकण काढायचं, ऑइल भोकाच्या काठाला टेकलेलं दिसलं पाहिजे. हे रोज सकाळी कोण करतंय? उलट "थोडं जास्तच असू दे" म्हणून मापापेक्षा जास्त दाबून भरतात. मग ते ब्रीदरमधून (इंजिनाच्या हवेच्या वाटेनं) एअर फिल्टरात उतरतं, पांढरा धूर निघतो, स्पंज ऑइलनं भिजून हवा बंद.

चिकोडी रान
दोघंही ऑइलवरच अडकलायसा. आमच्याकडं सोयाबीन काढणीला हेच कटर चालतंय. ऑक्टोबरात काळ्या रानाची धूळ आणि शेंगांचा भुसा, दोन्ही इंजिनं सारखीच मरतात. मरायच्या जागा दोन.

पहिली: सिलिंडरच्या पंख्या, म्हणजे त्याला गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पातळ पट्ट्या. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढल्याशिवाय त्या दिसतच नाहीत. आत भुसा आणि ऑइल मिळून काळी वाकळ अंथरल्यागत थर बसतोय. पंखा हवा फेकतोय, पण ती त्या पट्ट्यांत शिरतच नाही. लाकडी काटकीनं खरवडून काढायचं, स्क्रूड्रायव्हरनं नव्हे. पंखी मोडली की मोडली.

दुसरी: एअर फिल्टर. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पिळताना मुरगळू नका, सावलीत पूर्ण वाळवा, दोन-चार थेंब ऑइल लावून दाबून काढा. फाटका स्पंज घालण्यापेक्षा काम एक दिवस थांबवा.

आणि पिस्टन जॅम झालं म्हणून भांडायच्या आधी सायलेन्सर काढून बघा की. दोन बोल्ट असतात. प्लग काढा, दोरी सावकाश ओढून पिस्टन एक्झॉस्टच्या भोकासमोर आणा आणि आत टॉर्च मारा. पिस्टनच्या त्या बाजूला उभ्या खोल चिरा दिसल्या तर ऑइल कमी, मिक्स्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) किंवा इंजिन तापलेलं. कार्बोरेटर काढून इनटेकच्या बाजूनं बघितल्यावर पिस्टन मातकट, बारीक घासलेला दिसला तर धूळ आत गेली, ऑइलला शिव्या देऊन उपयोग नाही. दोन मिनिटांत निकाल.

निपाणी वेस
आणि पेट्रोलाचं काय? आपल्याच ऊस-मक्यापासून झालेलं इथेनॉल आता पंपावर २० टक्के मिसळलेलं येतंय. बऱ्याच छोट्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये अजून १० टक्क्यांचीच मर्यादा छापलेली आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळं जुन्या सेटिंगवरचं इंजिन लीन चालतं, म्हणजे जास्त तापतं. कारमध्ये सेन्सर ते भरून काढतो, कटरच्या कार्बोरेटरला कसला सेन्सर? त्यात प्रायमरचा फुगा (दाबून पेट्रोल ओढायचा) चिरतो, टाकीतली नळी फुगून मऊ पडते, कार्बोरेटरचा पडदा (डायफ्रॅम) कडक होतो. पडदा कडक झाल्याची खूण सांगतो: चोकवर सुरू होतंय, चोक काढून थ्रॉटल दाबलं की बसतंय.

खात्री करायची असेल तर खुणा असलेल्या उभट काचेच्या नळीत १० मिली पाणी आणि ५० मिली पेट्रोल घ्या. उघड्यावर, विडी-काडीपासून लांब. हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर १० चा जवळजवळ २० मिली झाला तर ५० मध्ये १० मिली, म्हणजे वीस टक्के. ९५ ऑक्टेनचं महाग पेट्रोल घेतलं म्हणजे इथेनॉल नाही, असंही नव्हे.

उद्यमबाग लेथ
चाचणी झ्याक. पण हीच युक्ती वापरून कॅनभर पेट्रोल "धुऊन" मशीनमध्ये ओतणारे आहेत, त्यांना आधीच सांगा: नका करू. इथेनॉलबरोबर ऑक्टेनही जातंय, आणि पेट्रोलात राहिलेला पाण्याचा थेंब कार्बोरेटरच्या बारीक भोकात अडकतोय.

दुसरं, "हवेतल्या ओलीनं पेट्रोल फाटतंय" हे जरा ताणून सांगतात. २० टक्केवालं पेट्रोल १० टक्केवाल्यापेक्षा जास्त पाणी पोटात घेऊ शकतं, लगेच थर सुटत नाहीत. थर सुटतात ते कॅनचं झाकण पावसात उघडं राहिल्यावर किंवा ओल्या कॅनमध्ये भरल्यावर. आणि तेव्हा मार टू-स्ट्रोकलाच जास्त! पाणी-इथेनॉलचा थर तळाला, टाकीतला पेट्रोलचा फिल्टर तळाला, आणि ऑइल राहिलं वरच्या पेट्रोलात. इंजिनात ऑइलशिवायचं पाणीच जाणार. खानापूरकर, कणकुंबीच्या पावसात कॅन कुठं ठेवतासा ते बघा.

खानापूरकर
हा मुद्दा मान्य. कॅन लोखंडी नको, बंद झाकणाचा, आणि मिक्स पंधरा-वीस दिवसांत संपेल एवढंच करायचं.

शहापूर बाजार
कुणीतरी किमतीचंही बोला. स्वस्तातलं ५२ सीसी मशीन मोडलं तरी त्याचं सामान कुठंही मिळतं, कारण दहा नावांखाली इंजिन तेच आहे: बोअर (सिलिंडरचा व्यास) ४४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ३४. ४३ सीसीचं बोअर ४०, स्ट्रोक तोच ३४. एकाच सीसीच्या मशीनांत रिंग, पिस्टन, कार्बोरेटर, क्लच, सगळं एकाचं दुसऱ्याला बसतं. मोठ्या कंपनीच्या मशीनचा एक पडदा मागवून भर हंगामात वाट बघत बसण्यापेक्षा हे बरं.

फक्त स्टिकरवर जाऊ नका. ६३, ६८ सीसी लिहिलेली कित्येक मशीनं आतून ५२ चीच असतात. प्लग काढा, भोकातून कोल्ड्रिंकची स्ट्रॉ पिस्टनवर टेकवा, दोरी हळू ओढा. स्ट्रॉ सर्वात वर आणि सर्वात खाली असताना खुणा करा. अंतर ३४ मिमी आलं तर स्ट्रोक वाढलेला नाही. मग ६८ सीसी होण्यासाठी बोअर जवळजवळ साडेपन्नास मिमी लागेल. दुकानदाराला पिस्टन मागा आणि व्हर्नियर लावून त्याचा व्यास मोजा.

तिसरं रेल्वे गेट
बॅटरीचं घ्या की, कटकट मिटली.

चिकोडी रान
बंगल्यापुढच्या हिरवळीला घ्या. दिवसभर हत्ती गवत कापायचं असेल तर बॅटऱ्या किती आणि चार्जिंग कुठं ते आधी ठरवा.

उद्यमबाग लेथ
शहापूरवाले, सामान मिळतंय हे खरं. पण सिलिंडर ॲल्युमिनियमचा, आतून क्रोमचा पातळ मुलामा. मोटरसायकलगत बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालायचा बेत आखू नकासा, मुलामा उडाला की खाली मऊ धातू. पिस्टन-सिलिंडरचा जोड एकत्रच बदलायचा. आणि नवा बसवायच्या आधी जुना का गेला ते शोधा. कार्बोरेटरच्या मागचा काळा इन्सुलेटर चिरलेला असेल किंवा त्याचे स्क्रू कंपनानं सैल झाले असतील तर फट राहून हवा आत ओढली जाते, मिक्स्चर लीन, आठवड्यात नवा पिस्टनही गेला. आयडलवर चालू ठेवून त्या जोडावर साबणाचं पाणी शिंपडा, आवाज बदलला की गळती तिथंच.

निपाणी वेस
आणखी एक. दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडतंय, टाकीचं झाकण उघडलं की 'फुस्स' होतं आणि परत चालू होतं, अशी मशीनं लोक इंजिन खोलायला घेऊन येतात. टाकीचा हवेचा व्हॉल्व्ह बुजलेला असतो, बस्स. तो काढून धुवा.

खानापूरकर
ठेवणीचं सांगा आता. दिवाळीनंतर मशीन माळ्यावर जातं ते थेट जूनला उतरतं. टाकी रिकामी करायची, प्रायमर दाबून उरलेलं काढायचं, मग इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. प्लग काढून भोकात ५ मिली टू-स्ट्रोक ऑइल, दोरी दोन-तीनदा हळू ओढायची, प्लग परत बसवायचा. फोर-स्ट्रोकवाल्यांनी ऑइल बदलूनच ठेवायचं.

शहापूर बाजार
कोरडं ठेवलं की पडदा वाळून आखडतो. महिन्यातून एकदा ताज्या मिक्सवर पाच मिनिटं चालवा, बाकी काही करायला नको.

खानापूरकर
सात महिने दर महिन्याला माळ्यावर चढणारा शेतकरी दाखवा, मी टाकी भरून ठेवतो. पडदा-गॅस्केटचा किट कार्बोरेटरचा नंबर सांगून आत्ताच आणून ठेवा. जूनमध्ये दुकानात गर्दी असते आणि हाताला लागेल तो किट गळ्यात मारतात.