वापिती: वाळवंटी विमान की जुन्या भागांची गोधडी?

रानपाखरू: वेस्टलँड वापिती, १९२७ सालचं ब्रिटिश दुपंखी विमान. इराक आणि वायव्य सरहद्दीवर बरीच वर्षं राबलं. गोरे त्यातून काय करत होते ते घटकाभर बाजूला ठेवा, यंत्र म्हणून मला ते आवडतं. आधीच्या डीएच ९ए विमानाचं लिबर्टी इंजिन पाण्याने थंड व्हायचं. इराकच्या उन्हात नाकाखाली जादा रेडिएटर लटकवावा लागे. वापितीचं ज्युपिटर इंजिन हवेने थंड होणारं. रेडिएटरच नाही, तर उकळणार काय?

खोगीर: असहमत. ब्रिटिश हवाई दलाच्या मागणीतच अट होती की डीएच ९ए चे जमतील तेवढे भाग वापरा, कारण महायुद्धातला माल गोदामांत पडून होता. पंख तर तेच! गोधडी ऊबदार असते, मान्य. पण तिला पैठणी म्हणू नका.

रानपाखरू: अहो, पंख फाटला की जवळच्या तळावरचा जुना पंख बसतो, इंग्लंडहून बोट यायची वाट बघावी लागत नाही. वाळवंटात याहून मोठा गुण कोणता?

निवडुंग: आणि ते ‘बाजूला ठेवा’ कसं जमतं बुवा? १९२१ च्या कैरो परिषदेत ब्रिटिशांनी ठरवलं की फौज महाग पडते, विमानं स्वस्त. ऑक्टोबर १९२२ पासून इराकचा बंदोबस्त हवाई दलाकडे. टोळी ऐकेना की गावावर बॉम्ब. ताशी जेमतेम १३५ मैलांचा वेग पुरला, कारण समोरच्याकडे विमानच नव्हतं. तुमच्या आवडत्या यंत्राच्या आराखड्यातच हे गृहीत धरलंय.

रानपाखरू: हे खरं. ते वाक्य मागे घेतो.

खोगीर: अवांतर: १ एप्रिल १९३३ ला कराचीत ड्रिग रोडला आपली पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, ती चार वापितींवरच. पुढे हवाई दलप्रमुख झालेले सुब्रतो मुखर्जी त्यातलेच. आपलं हवाई दल याच गोधडीवर रांगलं.

निवडुंग: रांगत गेलं ते वझिरिस्तानात, पठाणांच्या गावांवर. इंजिन बंद पडलं तर खाली कोण भेटेल हे वैमानिकांनाही पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्या काळी खिशात स्थानिक भाषेतली चिठ्ठी असायची: याला सुखरूप परत आणा, बक्षीस मिळेल.

रानपाखरू: मग इंजिनाचं कौतुक मी उगाच करत नव्हतो.